जामीन झाला, दादा आतच

मंगळवार, रात्री

‘जामीन झाला ना, सुटलात!’ असे नातेवाइकांचे फोन येऊन गेले. दादा अजून आतच आहे. ऑर्डरमध्ये ५० हजारांचा जातमुचलका, म्हणजे दादाने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार मागितलाय. दादा टेम्पो चालवतो, तोही दुसऱ्याचा. आमच्या चाळीत ऐपतीचा दाखला कुणाकडे असणार?

बीडचे मामा सातबारा घेऊन रात्रीच्या एसटीने आले. जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून कागद परत. मामांनी उतारा घडी घालून पिशवीत ठेवला, ‘बरं’ म्हणाले आणि स्टँडची वाट विचारली.

गेटबाहेर एक जण चिकटला. “ताई, जामीनदार पायजे का? रेशनकार्डासकट देतो.” भाव ऐकून वहिनी मनात हिशोब करायला लागली, मी तिला ओढतच पुढे नेलं. उद्या बोगस जामीनदार पकडला गेला तर दादाचा जामीन जाईल आणि वर नवा गुन्हा.

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडम मिळाल्या हे बरं झालं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, “रक्कम कमी करून मागायची. त्यात हात पसरण्यासारखं काही नाही, कायद्यातच आहे.” भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४: रक्कम अवाजवी नको, आणि सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय ती कमी करू शकतं. मग त्यांनी १९७८ चा मोतीरामचा निकाल सांगितला. मध्य प्रदेशातला गवंडी, १० हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नामंजूर. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. मामा आज सकाळीच गावी गेले, नाहीतर त्यांना ऐकवलं असतं.

प्रतिज्ञापत्रात घरखर्च लिहायचा होता. मी ‘आईची औषधं, थोडीफार’ म्हटलं. मॅडमनी पेन थांबवलं. “थोडीफार नको, आकडा सांगा.” मग शुगरच्या गोळ्या ७००, खोलीभाडं ५ हजार, पोराची ट्यूशन, सगळं परक्या टेबलावर मांडलं. वहिनी खाली बघत होती.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे म्हणे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत, जिल्ह्याच्या समितीकडून. मिळाली तर घेऊच. पण टेम्पो ड्रायव्हरला ५० हजार लावायचे आणि मग सरकारनेच ते भरायचे, हा उलटा कारभार मला पटत नाही. जामिनाच्या ऑर्डरनंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. आमचा आठवडा उलटला. आम्हीच गेलो तेव्हा प्राधिकरणाला कळलं.

अर्ज आज दाखल झाला. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवलाय, तारीख शुक्रवारची. दादा कुठे पळून जाणारा नाही हे दाखवायला टेम्पोमालकाचं पत्र हवंय. तो म्हणतो, सही देतो, पण मला कोर्टात उभं करू नका. उद्या सकाळी गाडी निघायच्या आत त्याला गाठायचं.