हिरवा ठिपका आणि गोळीची वाट

शनिवारची अख्खी सकाळ आणि पन्नास काडतुसं खर्ची पडली, पण पिस्तुलाच्या नळीखाली बसवलेला लेझर अखेर झीरो झाला, म्हणजे ठरवलेल्या अंतरावर त्याचा ठिपका आणि गोळी एकाच जागी पडू लागली.

आम्ही टेक्सासमध्ये, गावाबाहेर राहतो. रात्री मदतीला बोलावलं तर शेरीफच्या माणसांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, पोहोचायला वेळ लागतो, म्हणून घरात पिस्तूल असावं असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. इकडे ते मिळणं किती सोपं, हे तुम्ही बातम्यांत वाचता. पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना, थोडे अपवाद सोडले तर, ते विकत घेता येत नाही. आमचं ग्रीन कार्ड आल्यावरच दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि मग पिस्तूल हातात आलं. आईला कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घेतलंयस तर नीट शीक गं." मला तेच करायचं होतं.

लेझर म्हणजे नेम आयता मिळाला, असं सगळ्यांना वाटतं. ठिपका जिथे, गोळी तिथे. पण लेझर नळीच्या खाली बसतो, माझ्या पिस्तुलावर साधारण दीड इंच खाली. म्हणजे उजेडाची वाट वेगळी आणि गोळीची वेगळी. त्या दोन वाटा किती अंतरावर एकमेकींना भेटणार, हे आपण ठरवायचं. घरातली अंतरं डोळ्यांसमोर ठेवून मी १० यार्ड धरले, म्हणजे नऊ मीटरच्या जरा पुढे.

पहिली पायरी रिकाम्या पिस्तुलाची. मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, करंगळी घालून खात्री, कारण नुसत्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मागच्या खाचेतून पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) निशाणावर धरली आणि ठिपका माशीच्या टोकावर येऊन बसेपर्यंत लेझरचे दोन स्क्रू फिरवले. एक डावी-उजवीकडचा, दुसरा वर-खालचा. ते फिरवायची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, आगकाडीपेक्षा बारीक. पाव फेरा दिला तरी ठिपका कागदावर चांगलाच सरकतो.

मग वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, ठिपका काळ्या वर्तुळाच्या मधोमध ठेवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एकमेकांना चिकटून, पण ठिपक्यापासून दोन इंच डावीकडे वर. इथे माझी चूक झाली. गोळी उजवीकडे खाली आणायची, म्हणून मी ठिपकाही उजवीकडे खाली नेला. पुढच्या पाच गोळ्या चार इंच दूर!

आमच्या प्रशिक्षिका साठीच्या आहेत, शांत बोलतात. त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "गोळी तिच्या जागीच जाते आहे. तू ठिपक्याला तिच्याकडे ने."

तेवढ्यात गोष्ट उलगडली. स्क्रू फिरवल्याने नळी हलत नाही, हलतो फक्त उजेड. म्हणून ठिपका भोकांच्या दिशेने सरकवायचा. तो डावीकडे वर नेला, पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा पाव फेरा. चौथ्या खेपेला भोकं ठिपक्याभोवती जमली.

मग ५ आणि २० यार्डांवरही तपासलं. ५ वर गोळी ठिपक्याच्या पाऊण इंच वर लागते, २० वर दीड-पावणेदोन इंच खाली. वाटा १० यार्डांवर एकमेकींना छेदून पुढे जातात, त्यामुळे असंच व्हायला हवं. हे आकडे मला पाठ हवे होते.

रंग हिरवा निवडला, कारण आपल्या डोळ्याला तो लालपेक्षा जास्त उजळ दिसतो. तरी इथल्या दुपारच्या उन्हात थोड्या अंतरावरही तो दिसेनासा होतो. म्हणून माशीवरून नेम धरण्याचा सराव सोडून चालणार नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ठिपक्याच्या थरथरण्याने. हात कितीही घट्ट धरा, तो नाचतोच. नवखा माणूस तो मधोमध येण्याची वाट बघतो आणि आला की झटक्यात चाप ओढतो. त्या झटक्याने नळी खाली जाते. आता मी रोज दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि पिस्तूल पुन्हा तपासून, भिंतीवरच्या खुणेवर ठिपका धरते आणि हळूहळू चाप दाबते. पलीकडे कोणाचीही खोली नाही अशी पक्क्या विटांची भिंत मुद्दाम निवडली आहे. चाप सुटताना ठिपका कुठे उडी मारतो ते स्पष्ट दिसतं. पहिल्या आठवड्यात तो दर वेळी डावीकडे खाली पळायचा. आता जागेवर थरथरतो, पळत नाही.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासमध्ये तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. पण कायदा नसता तरी आमची तिजोरी बोटाच्या ठशानेच उघडली असती.

शनिवारचा तो शेवटचा कागद घडी घालून त्याच तिजोरीत ठेवला आहे. त्यावर तारीख, काडतुसाचा प्रकार आणि १० यार्ड असं पेन्सिलीने लिहिलंय. काडतूस बदललं तर गोळी दुसरीकडे लागू शकते, आणि बॅटरी बदलायला माझा लेझर काढावाच लागतो. दोन्हींपैकी काहीही झालं की वाळूची पिशवी, ॲलन की आणि पुन्हा पहिल्या पाच गोळ्या.