आमची वाटचाल : रीलचा आकडा आणि आकड्याची वेळ

मालवण-तारकर्लीचे होमस्टेवाले, देवगडचे आंबा बागायतदार आणि बंदरालगतच्या खानावळी. आमचं गिऱ्हाईक एवढंच. त्यांच्या छोट्या व्हिडिओंचे आणि त्याच विषयावर इतरांनी टाकलेल्या व्हिडिओंचे आकडे गोळा करायचे आणि त्यातून धंद्याच्या कामाचं काय निघतं ते सांगायचं, हे आमचं काम. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत उभा मोबाइल धरून कोणीतरी शूटिंग करताना दिसू लागलं. "व्ह्यूज भरपूर, पण फोन कुठल्या व्हिडिओमुळे येतात?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, आणि अजूनही तोच.

पहिली पद्धत म्हणजे एक शीट आणि दोन डोळे. दुवा, तारीख, लांबी, पहिल्या तीन सेकंदांत काय दिसतं, संगीत, पडद्यावरचा मजकूर, व्ह्यूज, कमेंट असे आठ रकाने होते. पद्धत वाईट नव्हती, पण दोन ठिकाणी फसली. मोबाइलवर आकडा '१.२ लाख' असा तोडून दिसतो. काल १.२, आज १.२, मध्ये वाढ शून्य झाली की नऊ हजार, कळायला मार्ग नाही. दुसरं म्हणजे 'तारीख' या रकान्यात व्हिडिओ टाकल्याची तारीख लिहायची की आकडा टिपल्याची, हे ठरलेलंच नव्हतं. एका दिवसात ४० हजार व्ह्यूज मिळवणारा आणि महिनाभर रखडत ४० हजारांवर पोचणारा असे दोन्ही व्हिडिओ त्या शीटमध्ये सारखेच दिसत. आता 'प्रसिद्ध केव्हा' आणि 'नोंद केव्हा' असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा रिकामा असेल तर ती ओळ आम्ही मोजतच नाही.

पुढचा टप्पा यूट्यूबच्या डेटा एपीआयचा, म्हणजे कोडने थेट यूट्यूबकडून आकडे मागवायच्या सोयीचा. त्यात रोजचा कोटा १०,००० युनिटचा. शोध घेणारी एक विनंती १०० युनिट खाते, म्हणजे 'मालवण' आणि 'हापूस' असे शब्द टाकून शोधत बसलं तर शंभर शोधांत दिवस संपला. नवे लोक इथेच अडकतात. आम्ही शोध फक्त नवे चॅनेल हुडकायला वापरतो, तोही आठवड्यातून एकदा. एकदा चॅनेल कळला की त्याच्या अपलोड्सची यादी मागवायला १ युनिट लागतं, आणि ५० व्हिडिओंचे आकडे एकाच विनंतीत येतात, त्यालाही १ युनिट. २०० चॅनेल आणि त्यांचे १०,००० व्हिडिओ धरले तरी एका फेरीला ४०० युनिट. दिवसात चार फेऱ्या केल्या तरी १,६००. कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नवा होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, आणि तिकडचा हिवाळा असेल तेव्हा दीडला. सकाळी कोटा संपला म्हणून हातपाय गाळू नयेत, जेवणापर्यंत थांबावं.

आता चुका, कारण आमचा सर्वाधिक वेळ त्यांनीच खाल्ला. ५० व्हिडिओ मागितले आणि त्यातले दोन मालकाने काढून टाकलेले असले, तर परत ४८ येतात आणि त्या दोघांबद्दल कसलीही सूचना येत नाही. उत्तरं क्रमाने चिकटवली की पहिल्या गळालेल्या व्हिडिओपासून खाली सगळे आकडे एक-एक घर सरकतात, आणि सोलकढीच्या व्हिडिओला स्कूबाचे व्ह्यूज मिळतात. जोडणी नेहमी आयडीवरूनच करावी. पण आयडीही एक्सेलमध्ये सुखाने राहत नाही. यूट्यूबचा अकरा अक्षरी आयडी कधीकधी वजाच्या चिन्हाने सुरू होतो. एक्सेल त्याला सूत्र समजतं. इन्स्टाग्रामचा आयडी म्हणजे सतरा-अठरा आकडी संख्या. एक्सेल पंधरा आकड्यांपुढे शून्यं भरतं आणि ते निस्तरता येत नाही. आयडीचा रकाना आधी 'मजकूर' करायचा, मगच फाइल आत घ्यायची. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये, पण बीओएम ही सुरुवातीची ओळखखूण न घालता ठेवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो, हेही त्याच जातीचं.

वेळेचा घोळ वेगळाच. व्हिडिओची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते, आपण साडेपाच तास पुढे. रात्री एकला टाकलेला व्हिडिओ तिथे आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातचा असतो. चतुर्थीच्या पहाटे चाकरमान्यांनी टाकलेले व्हिडिओ सरसकट आदल्या दिवशी जाऊन बसतात, आणि 'हरतालिकेलाच गर्दी जास्त' असा खोटा निष्कर्ष निघतो. साठवायचं यूटीसीत, दाखवायचं भारतीय वेळेत. गणपतीची तुलना तारखेवरून करूच नये. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. आम्ही चतुर्थीपासून किती दिवस आधी-नंतर, असं मोजतो.

प्रत्येक व्हिडिओचा आकडा आम्ही १ तास, ६ तास, २४ तास, ७ दिवस आणि २८ दिवस या वयांना टिपतो. २८ वर थांबण्याला कारण आहे : मालकाच्या परवानगीशिवाय घेतलेली माहिती ३० दिवसांत ताजी करावी किंवा पुसावी, असा यूट्यूबचा नियम आहे. वर्षानुवर्षांची तुलना फक्त गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या चॅनेलची, त्याच्या परवानगीने. दुसऱ्यांचे व्हिडिओ आम्ही उतरवून घेत नाही. ते बघून हातानेच नोंद होते.

मोजमापाची व्याख्या बदलते तेव्हा आलेखावर उभी रेघ मारतो. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अट नाही. त्यानंतर वाढलेले आकडे पाहून खूश झालेल्या गिऱ्हाइकाला ही रेघ दाखवावी लागते. जुन्या पद्धतीचा आकडा मालकाला 'एंगेज्ड व्ह्यूज' म्हणून वेगळा दिसतो. आधीच्या महिन्यांशी तुलना त्याच्याशीच करावी. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टच्या लांबीची मर्यादा एका मिनिटावरून तीन मिनिटांवर गेली, तेव्हा शॉर्ट ओळखायची ६० सेकंदांची गाळणीही बदलावी लागली. शिवाय एपीआयकडून लांबी 'पीटी५८एस' (५८ सेकंद) अशा खुणेत येते. बरोबर एका मिनिटाचा व्हिडिओ 'पीटी१एम' असतो आणि फक्त सेकंद शोधणारा कोड तो शून्य धरतो.

इन्स्टाग्रामवर हात आणखी आखडलेला. त्याच्या एपीआयवर सात दिवसांत ३० वेगळे हॅशटॅग शोधता येतात, आणि त्यावरचं ताजं साहित्य मागच्या २४ तासांतलंच. टाकणाऱ्याचं नावही येत नाही. 'कोकण', 'कोंकण', रोमनमध्ये मधल्या 'एन'सकट आणि त्याच्याशिवाय अशा चार स्पेलिंगांतच चार हॅशटॅग जातात. म्हणून यादी ऋतूप्रमाणे फिरवतो : मार्च ते मे आंबा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा पाऊस आणि धबधबे, मग गणपती.

बोलणं अक्षरात उतरवायला व्हिस्पर हे ओपनएआयचं यंत्र वापरतो, तेही गिऱ्हाइकाने दिलेल्या मूळ फाइलींवरच. प्रमाण मराठी बरी येते, मालवणी नाही. 'माका'चं 'मका' होतं, 'हयसर' आणि 'इलंय' यांचं काहीही होतं. नुसतं संगीत किंवा होडीच्या इंजिनाची घरघर असेल तर यंत्र कोणी न बोललेली वाक्यं लिहून देतं. आधी बोलण्याचे तुकडे वेगळे काढायचे, मगच यंत्राला द्यायचे, आणि शेवटी मालवणी घरात वाढलेल्या माणसाने वाचायचं. हा खर्च वाचवता येत नाही.

सरासरीही आम्ही सोडली. नऊ रीलला प्रत्येकी ८०० आणि एकाला ४ लाख व्ह्यूज असले तर सरासरी ४०,७२० येते, म्हणजे यातल्या एकाही रीलचा आकडा नाही. मधला आकडा ८०० आहे, आणि पुढच्या रीलकडून अपेक्षा तेवढीच ठेवावी.

पावसाळ्यात झाड पडून वीज किंवा ब्रॉडबँड गेलं की २४ तासांची नोंद हुकते, आणि ती मागाहून मिळत नाही. म्हणून नोंद घेणारं यंत्र आता मुंबईत भाड्याचं आहे. इथे फक्त वाचन आणि वर्गवारी. तरी एखादी नोंद हुकलीच तर घर रिकामं ठेवतो, अंदाजाने भरत नाही.

फोनच्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारा आकडा व्ह्यूजचा नाहीच. 'पेटी कितीला?', 'पुण्याला पोचवता का?', 'शनिवारी रूम आहे का?' असे कमेंट वेगळे मोजायचे, पहिल्या २४ तासांतले आणि ७ दिवसांतले. बागायतदाराच्या अहवालात आम्ही तो रकाना पहिला ठेवतो, व्ह्यूज शेवटी.