आमची वाटचाल : व्हायल, फिल्टर आणि उधारी

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक बाजारात आमची पेढी लहानच. सलाइन-सेटचा धंदा बरा चालला होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नाव झालं ते यूरिया सायकलचा दोष असलेल्या, म्हणजे रक्तात अमोनिया साचणाऱ्या मुलांना लागणाऱ्या सोडियम फेनिलअ‍ॅसिटेट-बेंझोएटच्या इंजेक्शनमुळे. अमेरिकेत २००५ साली मंजूर झालेलं हे औषध रुग्णासाठी बाहेरून मागवायचं तर फॉर्म १२ए भरून १२बी परवाना काढावा लागतो. डॉलर आगाऊ मोजायचे आणि रुग्णालयाकडून बिल निघणार तीन महिन्यांनी! याच ओढाताणीत कॅश क्रेडिटची (बँकेकडच्या उचलीची) मर्यादा संपली, बँकेने चेक परत पाठवले.

नेमका तेव्हाच एका पुरवठादाराने आमच्या खाली दर टाकला, वर ‘कोल्ड चेन’चे, म्हणजे माल थंड ठेवून आणण्याचे पैसे वेगळे लावले. अहो, हे औषध २५ अंशांना ठेवायचं असतं! बर्फ लागतो अमोनियाच्या रक्तनमुन्याला. तो लगेच लॅबला गेला नाही तर आकडा खोटा चढतो. थर्माकोलच्या पेटीला खरेदीवाली मंडळी भुलली. पेटीत ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर मात्र नव्हता. व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) कण असू शकतात, म्हणून औषध १० टक्के डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजच्या पाण्याच्या) पिशवीत जाताना याच फिल्टरमधून जायला हवं.

एका बालरुग्णालयाच्या फार्मसीतल्या मॅडम तेवढ्या आमच्याबरोबर राहिल्या. त्या नुसत्या व्हायलचा दर कधीच विचारत नाहीत. व्हायल, फिल्टर, डेक्स्ट्रोज, सोबत द्यायचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल असा पूर्ण संच मागतात, निम्मे पैसे आधी देतात. त्यावरच आम्ही तगलो.

त्यांचा हिशेब खरेदीवाल्यांनी पाठ करावा. २० किलोपर्यंत किलोमागे अडीच मिली लोडिंग (सुरुवातीचा डोस), ९० ते १२० मिनिटांत. मग तेवढंच औषध २४ तासांत. डेक्स्ट्रोज किलोमागे निदान २५ मिली. म्हणजे २० किलोच्या मुलाची ५० मिलीची व्हायल लोडिंगलाच संपते, दुसरी हाताशी हवीच. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) नसेल तर सुरू करू नये. हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर कातडी भाजते. लोडिंग दुसऱ्यांदा देत नाहीत, त्यामुळे अमोनिया उतरत नसेल तर आणखी व्हायल मागवण्याआधी डायलिसिसची सोय बघा. पोटॅशियम घसरतं, तेही तपासत राहावं लागतं.

निदान झालेलं मूल असेल तर १२ए आत्ताच भरून ठेवा. आणि स्वस्त कोटेशन आलं की फिल्टर धरलाय का, एवढं तरी विचारा.