उदगीरच्या मोंढ्यातील संगणकावर लिनक्स आणि डायल-अप मोडेम: माझा अनुभव

आमचे आडतीचे दुकान उदगीरच्या मोंढ्यात आहे. तूर, हरभरा आणि सोयाबीन ही आमची मुख्य आवक. दुकानाचा हिशेब मी २००१ पासून संगणकावर ठेवू लागलो आणि पुढच्याच वर्षी त्याला टेलिफोनची लाईन जोडून इंटरनेटही घेतले. १५ डिसेंबर २००३ रोजी मुंबईत एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजाराचे व्यवहार सुरू झाले आणि सोयाबीनचा वायदेभाव संकेतस्थळावर पाहता येऊ लागला. तेव्हापासून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सौदे सुरू होण्यापूर्वी तो भाव हाताशी हवा असे. त्याआधी आम्ही रोज सकाळी दोन-तीन एसटीडी फोन करून लातूरचे आणि इंदूरचे भाव विचारत असू.

नेमके त्याच काळात आमचे इंटरनेट निरुपयोगी झाले होते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाची कृमी, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, जगभर पसरली, तिने आमचाही संगणक गाठला. जोडणी लागली की थोड्याच वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. दुरुस्तीची फाइल इंटरनेटवरूनच उतरवायची होती आणि तेवढा वेळ जोडणी टिकत नव्हती. नांदेडला अभियांत्रिकी शिकणारा माझा धाकटा भाऊ संक्रांतीला घरी आला, तेव्हा त्याने विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या रेड हॅट लिनक्स ९ या प्रणालीच्या तीन सीडी सोबत आणल्या. "दादा, ही कृमी लिनक्सवर चालतच नाही, आपण हेच टाकू," असे तो म्हणाला. हिशेबाच्या फाइली सीडीवर उतरवून घेऊन आम्ही एका रात्रीत लिनक्स बसवले. पडदा, माऊस, प्रिंटर, आवाज सगळे पहिल्याच प्रयत्नात चालले, फक्त मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडणारे यंत्र, चालला नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी नांदेडला परत गेला आणि पुढचे काम माझ्याकडे आले.

आमचा मोडेम संगणकाच्या पेटीतच बसवलेले एक लहानसे पीसीआय कार्ड होते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिल्यावर त्याचे नाव यादीत दिसत होते, म्हणजे कार्ड जागेवर होते, तरीही कोणताही प्रोग्रॅम त्याच्याशी बोलू शकत नव्हता. याचे कारण समजायला मला आठवडा लागला. पूर्ण मोडेममध्ये दोन कामे त्याच्या स्वतःच्या चिपा करतात: संगणकाकडून आलेल्या आज्ञा समजून घेणे, आणि आकड्यांचे ध्वनीत व ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणे. स्वस्त कार्डांमधून या चिपा काढून टाकलेल्या असतात आणि ते सगळे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, एका ड्रायव्हरच्या, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मार्फत, टाकलेले असते. म्हणून अशा कार्डाला सॉफ्टमोडेम किंवा विनमोडेम म्हणतात. ड्रायव्हर नसेल तर ते कार्ड म्हणजे टेलिफोनची तार खोचण्याची एक खोबण एवढेच उरते आणि तो ड्रायव्हर त्या काळी बहुतेक विंडोजपुरताच लिहिलेला असे.

आमच्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर उपलब्ध होता, पण तो इंटरनेटवर होता आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय लागत नव्हते. बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेतून मी तो दोन फ्लॉप्यांवर तुकडे करून आणला. त्यांतली एक फ्लॉपी दुकानात वाचली गेली नाही, म्हणून पुन्हा गेलो. मग तो चालू कर्नेलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, कंपाइल करायचा (मूळ लिखित रूपातून चालण्याजोगा करायचा), तर त्यासाठी कर्नेलचा सोर्स आणि ते काम करणारा जीसीसी हा प्रोग्रॅम हवे होते. ते सीडींवर होते, पण मूळ बसवणीत आम्ही निवडलेले नव्हते. एवढे सगळे केल्यावर मोडेमने टेलिफोन उचलला खरा, पण त्या ड्रायव्हरची विनामूल्य आवृत्ती १४.४ केबीपीएस (सेकंदाला १४,४०० बिट) या वेगालाच बांधलेली होती. पूर्ण वेगाचा परवाना परदेशी चलनात, क्रेडिट कार्डाने घ्यायचा होता आणि आमच्या घरात कोणाकडेच क्रेडिट कार्ड नव्हते. शिवाय पुढे कर्नेल बदलला की ही सगळी खटपट पुन्हा करावी लागणार होती. त्या कार्डावर आणखी वेळ घालवायचा नाही असे मी तिथेच ठरवले आणि तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते.

उदगीरहून मोठ्या खरेदीला हैदराबाद गाठण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. निजामी राजवटीपासूनचा तो संबंध, आणि परळी-विकाराबाद मार्गावरची गाडी बिदर, जहिराबादवरून थेट सिकंदराबादकडे जाते. फेब्रुवारीत मी सिकंदराबादला पार्क लेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो आणि दुकानदाराला एकच गोष्ट सांगितली: मला बाहेरून जोडायचा, सिरियल पोर्टचा मोडेम हवा, यूएसबीचा नको. यूएसबीच्या मोडेमांमध्येही सॉफ्टमोडेम असू शकतात. सिरियल पोर्टवर चालणाऱ्या मोडेमला मात्र स्वतःचे सगळे काम स्वतःच करावे लागते, कारण त्या तारेतून फक्त आज्ञा आणि माहिती जाते. तो आतल्या कार्डापेक्षा कितीतरी महाग पडला. अण्णांनी किंमत ऐकून एवढेच विचारले, "आता लागंल का भाव?" मी हो म्हणालो.

संगणकाच्या मागे नऊ टाचण्यांचा पोर्ट होता आणि मोडेमला पंचवीस टाचण्यांचा. जोडणारी तार सोबत मिळाली होती. विंडोजमध्ये ज्याला कॉम १ म्हणतात तो लिनक्समध्ये 'टीटीवायएस०' आणि कॉम २ म्हणजे 'टीटीवायएस१', एवढे माहीत असले की पुरे होते. मिनिकॉम हा मोडेमला थेट आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम उघडून मी 'एटी' ही दोन अक्षरे टाइप केली आणि एंटर दाबले. खालच्या ओळीत 'ओके' आले. महिनाभर ज्या यंत्राकडून एक शब्द मिळत नव्हता त्याने उत्तर दिलेले पाहून मला जो आनंद झाला, तो मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मी एक शिस्त पाळली. मोडेम बोलतो का, टेलिफोन लागतो का, पलीकडचा संगणक ओळख मान्य करतो का, माहिती बाहेर जाते का, आणि नावांचा पत्ता लागतो का, हे पाच प्रश्न वेगवेगळे आहेत असे समजून मी एका वेळी एकच सोडवायला घेतला.

पुढचे काम मी डब्ल्यूव्हीडायल या क्रमांक फिरवून जोडणी लावणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवले. त्याच्या जोडीची 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' ही आज्ञा सगळे पोर्ट तपासून मोडेम शोधते आणि सेटिंगची फाइल स्वतःच लिहिते. त्या फाइलीत मी संचारनेट या बीएसएनएलच्या इंटरनेट सेवेचा १७२२३३ हा क्रमांक, युजरनेम आणि पासवर्ड भरले आणि प्रोग्रॅम चालवला. उत्तर आले: 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावला तर डायल टोन स्वच्छ ऐकू येत होता. मला वाटले तार सैल असेल. तार बदलली, खोबण बदलली, तरी तेच. खरे कारण असे निघाले की डायल टोन सगळ्या देशांत सारखा नसतो. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांचा मिळून होतो, आपल्याकडचा ४०० हर्ट्झच्या आसपासचा आणि थरथरता असतो, आणि माझा मोडेम अमेरिकी स्वराची वाट पाहत थांबत होता. मोडेमला सुरुवातीला देण्याच्या आज्ञेत 'एक्स३' एवढी भर घातली की तो डायल टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो आणि लाईन व्यग्र असल्याचा स्वर मात्र ओळखतो. दोन अक्षरांची ती भर घातल्यावर क्रमांक फिरला आणि मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून तो ओळखीचा खरखरीत आवाज दुकानभर घुमला. दारात पोती रचणारे हमालही थांबून ऐकू लागले.

ओळख पटण्याची अडचण लवकर सुटली. डब्ल्यूव्हीडायल पलीकडून लॉगिनची ओळ येईल म्हणून खोळंबत होता आणि पलीकडचा सर्व्हर मात्र थेट पीपीपी, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून इंटरनेटची माहिती नेण्याची पद्धत, सुरू होण्याची अपेक्षा करत होता. फाइलीत 'स्टुपिड मोड' चालू केल्यावर तो जोडणी लागताच पीपीपी सुरू करू लागला.

जोडणी लागली, आयपी क्रमांक मिळाला, तरी ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. इथे मी सर्वांत जास्त दिवस अडकलो, कारण वरवर पाहता सगळे जुळलेले दिसत होते. शेवटी सिस्टिमच्या नोंदवहीत, म्हणजे 'मेसेजेस' या फाइलीत, पीपीपीने लिहिलेली एक ओळ सापडली. तिचा अर्थ असा होता की आधीचा डीफॉल्ट मार्ग (माहिती बाहेर जाण्याची ठरलेली वाट) ईथरनेट कार्डाकडे, म्हणजे नेटवर्कची तार जोडण्याच्या कार्डाकडे, जातो आहे आणि तो मी बदलत नाही. लिनक्स बसवताना नेटवर्क कार्डाची माहिती विचारली गेली, तेव्हा भावाने वसतिगृहातल्या सवयीने गेटवेच्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराच्या, रकान्यात १९२.१६८.०.१ असा क्रमांक भरला होता. आमच्या दुकानात त्या कार्डाला कोणतीच तार जोडलेली नव्हती, पण बाहेर जाणारी प्रत्येक माहिती त्या बंद दाराशी जाऊन थांबत होती आणि टेलिफोनची वाट मोकळी पडून होती. तो गेटवे पुसला आणि पुन्हा जोडणी केली. आता क्रमांकाने विचारले की उत्तर येई, नावाने विचारले की येत नसे. नावांचे क्रमांक सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता पलीकडून मागून घ्यावा म्हणून 'यूजपीअरडीएनएस' हा पर्याय जोडला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, सोयाबीनच्या भावाचे पान पडद्यावर उघडले.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिने मला बरेच दिवस चुकीच्या समजुतीत ठेवले. जोडणी लागली की मोडेम 'कनेक्ट ११५२००' असे सांगत असे. हा आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या तारेचा असतो, टेलिफोनच्या लाईनचा नसतो. आज्ञेत 'डब्ल्यू२' घातल्यावर खरा आकडा दिसू लागला आणि तो फक्त २६,४०० होता. ५६ के (सेकंदाला ५६,००० बिट) मोडेमचा पूर्ण वेग घरगुती लाईनवर कोणालाच मिळत नाही हे मी वाचले होते, पण हा आकडा फारच कमी होता आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी तुटतही होती. लाईनमनला बोलावले. त्यांनी खांबापासून दुकानापर्यंतची तार तपासली, पत्र्याच्या कडेला गंजलेला एक जुना जोड दाखवला आणि तो काढून अखंड तार ओढून दिली. त्याच दिवशी आकडा ४५,३३३ झाला. वरच्या खोलीतला समांतर टेलिफोन कोणी उचलला की जोडणी तुटते, हे लक्षात आल्यावर तोही आम्ही काढून टाकला.

लोडशेडिंगचा उपाय मात्र आमच्या हाती नव्हता. मोठी फाइल अर्ध्यावर असताना वीज गेली की आधी सगळे पहिल्यापासून उतरवावे लागे. फाइल उतरवणाऱ्या 'डब्ल्यूगेट' या आज्ञेला 'सी' हा पर्याय दिला की ती तुटली तिथून पुढे सुरू होते, हे समजल्यावर मी मोठ्या फाइली पहाटे पाचच्या सुमारास, लाईन मोकळी असताना, तुकड्यातुकड्याने उतरवू लागलो. मे महिन्यात वळिवाच्या विजा कडाडू लागल्या की टेलिफोनची तार मोडेममधून काढून ठेवण्याचा नियमही घरात केला. टेलिफोनच्या तारेतून येणारा विजेचा धक्का मोडेम जाळतो, आणि शेजारच्या दुकानातले आतले कार्ड त्याच महिन्यात तसे जळाले होते.

सगळ्या आज्ञा आणि आकडे मी रोजमेळाच्या चोपडीच्या शेवटच्या पानावर अण्णांना वाचता येतील अशा अक्षरात लिहून ठेवले आणि पडद्यावर एक चिन्ह करून दिले, ज्यावर टिचकी मारली की डब्ल्यूव्हीडायल सुरू होतो. जूनमध्ये मी लग्नाच्या कामासाठी चार दिवस निलंग्याला होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. त्यांनी खुशाली विचारली नाही. सोयाबीनचा त्या दिवशीचा वायदेभाव त्यांनी मला सांगितला.