टायगर मॉथचे एलेरॉन: ४५ अंशांवरची पिन

डी हॅविलँड टायगर मॉथ या दुपंखी (वर-खाली दोन पंखांच्या) विमानाच्या १:५ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित मॉडेलच्या बांधणीत काम आता खालच्या पंखांपर्यंत आले आहे. मूळ विमानाने २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचा पंखविस्तार ८.९४ मीटर, म्हणजे मॉडेलचा १.७९ मीटर होतो. या विमानाला एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) केवळ खालच्या पंखांवर आहेत, आणि ते हलवणारी यंत्रणा इतकी देखणी आहे की ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रेडिओ-नियंत्रकात) डिफरन्शियलचा, म्हणजे दोन एलेरॉनच्या असमान हालचालीचा, आकडा भरण्याऐवजी ती प्रत्यक्ष बनवायचे मी ठरवले.

विमान उजवीकडे कलवताना डावा एलेरॉन खाली जातो. त्यामुळे डाव्या पंखाची उचल वाढते, पण उचलीबरोबर त्या पंखावरचा ड्रॅगही (हवेचा अवरोध) वाढतो, आणि वळायचे उजवीकडे असताना नाक डावीकडे ओढले जाते. यालाच आपण ॲडव्हर्स यॉ म्हणतो. खाली जाणारा एलेरॉन कमी आणि वर जाणारा जास्त हलवला, तर हा दोष बराच आटोक्यात येतो.

टायगर मॉथमध्ये हे काम पंखाच्या खालच्या बाजूस, कापडाला समतल बसवलेली एक गोल चकती करते. कॉकपिटमधून आलेल्या केबल आणि साखळ्या तिला फिरवतात. एलेरॉनकडे जाणारा पुशरॉड (ढकलदांडा) चकतीच्या मध्यावर न जोडता, स्टिक (वैमानिकाची नियंत्रणदांडी) मध्यभागी असताना पुढे व बाहेरच्या दिशेला ४५ अंशांवर येईल अशा पिनेला जोडलेला असतो. सगळी करामत या एका कोनात आहे.

माझ्या चकतीची त्रिज्या २० मिमी आहे. ती ३० अंश फिरवली, तर पुशरॉड एका दिशेला सुमारे ५ मिमी आणि उलट दिशेला ९ मिमी सरकतो. ४५ अंशांवर हेच अंतर ६ आणि १४ मिमी होते. म्हणजे शेवटच्या १५ अंशांत वर जाणारा एलेरॉन आणखी ५ मिमीची हालचाल घेतो, तर खाली जाणारा जवळजवळ जागच्या जागी थांबतो, कारण पिन तेव्हा आपल्या वर्तुळाच्या सर्वांत पुढच्या बिंदूवर पोचलेली असते. चकती त्यापुढे फिरली, तर तो एलेरॉन उलट थोडा वर परततो. म्हणूनच सर्वोची (चकती फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) मर्यादा ४५ अंशांवर बांधली आहे.

चकत्या १.५ मिमी प्लायवूडच्या असून प्रत्येक पंखात तिच्याखाली स्वतंत्र सर्वो आहे. डावी आणि उजवी चकती एकमेकींचे आरशातील प्रतिबिंब असायला हवी, हे बसवणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. पिनेच्या भोकात क्लेव्हिसला (पुशरॉडच्या टोकाच्या जोडणीच्या चिमट्याला) जराही ढिलाई नको, कारण खाली जाणाऱ्या बाजूची एकूण हालचालच ६ मिमी आहे.

एवढे करूनही वळताना रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) द्यावाच लागेल. मूळ विमानातही तो द्यावा लागतो. पुढचे काम एलेरॉनच्या बिजागऱ्यांमधील फट बंद करण्याचे, आणि मग शेपटीकडच्या केबलचे.