चार जुने सर्व्हर, दोन होस्ट आणि दीड वर्षाचा हिशेब

आमचा यंत्रभाग तयार करणारा कारखाना नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आहे आणि खरेदी, विक्री व लेखा विभागाचे कार्यालय सीताबर्डीला आहे. दोन्ही ठिकाणचे मिळून साठेक संगणक, चार सर्व्हर आणि ते सांभाळणारे आम्ही दोघे, एवढा आमचा पसारा. 2023 च्या दिवाळीत आम्ही चारही सर्व्हरचे काम दोन नव्या यंत्रांवर व्हर्च्युअल स्वरूपात, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या अनेक सर्व्हरच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) रूपात हलवले. हलवण्याचे काम सुट्टीच्या चार दिवसांत आटोपले. ते नीट सांभाळायला शिकण्यात मात्र पुढचे दीड वर्ष गेले, आणि मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या दीड वर्षाविषयी.

चारपैकी दोन सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2012 आर2 होते आणि त्याचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, 10 ऑक्टोबर 2023 रोजी संपणार होता. यंत्रेही इतकी जुनी झाली होती की एकाचा पॉवर सप्लाय गेला तेव्हा तसाच दुसरा शोधण्यात आठवडा गेला. दोन आठवडे मोजमाप घेतल्यावर दिसले की दिवसाचा बहुतेक वेळ चारही प्रोसेसर रिकामेच बसून असतात. मग प्रत्येकी 16 कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे भाग) आणि 128 जीबी मेमरी असलेले दोन सर्व्हर घ्यावेत, त्यांवर हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर चालवावे आणि एकावरच्या व्हर्च्युअल मशीनची प्रतिकृती दुसऱ्यावर ठेवावी, असे ठरले. यंत्रांची निवड सोपी गेली. परवान्यांचे गणित सोपे गेले नाही. विंडोज सर्व्हरचा परवाना साधारणपणे व्हर्च्युअल मशीन मोजून नव्हे, तर प्रत्यक्ष सर्व्हरचे कोअर मोजून घ्यावा लागतो. किमान 16 कोअर धरले जातात आणि स्टँडर्ड आवृत्तीत तेवढ्यावर दोनच व्हर्च्युअल मशीन चालवण्याचा हक्क मिळतो. चार चालवायच्या असतील तर सगळे कोअर पुन्हा एकदा परवान्यात मोजावे लागतात. शिवाय, एक होस्ट (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतात ते प्रत्यक्ष यंत्र) बंद पडल्यास त्याच्या मशीन दुसऱ्यावर चालवायच्या असतील, तर त्या दुसऱ्या होस्टवरही तेवढे परवाने आधीपासून असावे लागतात. पहिल्या कोटेशनमध्ये ही शेवटची बाब नव्हतीच. मी ती साहेबांना कागदावर आकडे मांडून दाखवली, तेव्हा खर्चाचा आकडा वाढला, पण पुढे कधी कुणापुढे उत्तर द्यायची वेळ आली नाही.

दिवाळीच्या चार दिवसांत तीन सर्व्हर जसेच्या तसे डिस्क-टू-व्हीएचडी या साधनाने उचलले. चौथा, म्हणजे डोमेन कंट्रोलर (आमच्या संगणकांच्या समूहाचे, म्हणजे डोमेनचे, लॉगिन तपासणारा सर्व्हर), मुद्दाम तसा उचलला नाही. नव्या व्हर्च्युअल मशीनवर नवा डोमेन कंट्रोलर उभारून जबाबदाऱ्या त्याच्याकडे सोपवल्या आणि मगच जुना उतरवला. जुन्या डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीच्या असल्यामुळे त्यांच्यासाठी जनरेशन 1 प्रकारची मशीन करावी लागली. जनरेशन 2 मध्ये त्या सुरूच होत नव्हत्या. नव्या मशीनला जुना आयपी पत्ता द्यायला गेलो तर तो आधीच दुसऱ्या नेटवर्क कार्डाकडे असल्याची सूचना आली. ते कार्ड जुन्या सर्व्हरसोबत मागे राहिले होते, पण विंडोजच्या नोंदीत लपून बसले होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली साधने दाखवायला सांगून ते काढावे लागले. टॅलीचा परवाना जुन्या सर्व्हरवर सरेंडर करून नव्यावर ॲक्टिव्हेट केला. हजेरीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवाना असल्याची खूण म्हणून जोडायची किल्ली) लागत असे आणि हायपर-व्ही होस्टला जोडलेला डोंगल थेट व्हर्च्युअल मशीनला देत नाही, म्हणून नेटवर्कवरून यूएसबी पोहोचवणारी एक छोटी डबी विकत आणली. भाऊबीजेच्या रात्री सगळे सुरू झाले होते.

पहिली तक्रार मात्र डिसेंबरात फाटकावरून आली. आठ वाजता आत आलेल्या कामगारांची हजेरी आठ वाजून सहा मिनिटांनी लागत होती आणि त्यावरून दोघांचा अर्धा दिवस कापला गेला होता. फाटकावरचे यंत्र हजेरीच्या सर्व्हरकडून वेळ घेत होते, तो सर्व्हर डोमेन कंट्रोलरकडून, आणि डोमेन कंट्रोलर हायपर-व्हीच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे होस्टकडून. होस्टही डोमेनमध्ये असल्यामुळे तो पुन्हा त्याच डोमेन कंट्रोलरला वेळ विचारत होता. एकमेकांना विचारून वेळ सांगणारी ती दोन घड्याळे बाहेरच्या खऱ्या घड्याळाशी ताडणारे कुणीच नव्हते. डोमेनमध्ये पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिन अडते, पण येथे सगळे संगणक एकत्रच पुढे सरकत असल्याने कुठेही काही अडले नाही आणि म्हणूनच महिनाभर कळलेही नाही. डोमेन कंट्रोलरच्या मशीनसाठी होस्टकडून वेळ घेण्याची सोय बंद केली, तिला बाहेरच्या एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, जोडले आणि त्या दोघांची कापलेली मजुरी परत करण्यासाठी मी स्वतः अर्ज लिहून दिला. चूक माझ्या मांडणीची होती आणि तिचे पैसे त्यांच्या खिशातून गेले होते, हे मला फार लागले.

त्याहून मोठा प्रसंग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. लेखा विभागाची वर्षअखेर चालू होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिथल्या काकूंचा फोन आला, "अरे, टॅली अटकून राहिली, काहीच हलत नाही." मागोमाग भांडारातून, मग डिस्पॅचमधून तेच. होस्टवर पाहिले तर एकेका मशीनसमोर 'पॉज्ड-क्रिटिकल' (गंभीर अडचणीमुळे थांबवलेली) असे लिहिलेले होते आणि ज्या डिस्कवर त्या ठेवल्या होत्या तिच्यावर जागा उरलेली नव्हती. जानेवारीत उत्पादन विभागाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी मी एक चेकपॉइंट घेतला होता. काही बिघडले तर मागे जाता यावे, एवढाच हेतू होता. काही बिघडले नाही आणि चेकपॉइंट तसाच राहिला. चेकपॉइंट घेतल्यावर मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतर लिहिलेला प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातो. रात्रंदिवस नोंदी होणाऱ्या डेटाबेसची ती फाइल अडीच महिन्यांत इतकी वाढली की शेजारच्या मशीनलाही जागा उरली नाही. पूर्वी एका सर्व्हरची डिस्क भरली असती तर एकाच विभागाचे काम थांबले असते. आता एका विसरलेल्या चेकपॉइंटने सगळ्यांचे थांबले.

घाईने काहीतरी पुसून टाकावे असे त्या क्षणी फार वाटते, पण ती फाइल हाताने पुसली असती तर अडीच महिन्यांच्या नोंदी गेल्या असत्या. दिवाळीत उचललेल्या मूळ सर्व्हरच्या प्रती त्याच डिस्कवर पडून होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर हलवायला पाऊण तास लागला. जागा मोकळी झाल्यावर मशीन पुन्हा चालू झाल्या आणि काकूंच्या पडद्यावरचे व्हाउचर जिथे होते तिथून पुढे सुरू झाले. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर हायपर-व्ही मॅनेजरमधून चेकपॉइंट काढला आणि तो मूळ डिस्कमध्ये मिसळून होईपर्यंत तीन तास टक्केवारीचा आकडा पाहत बसलो. त्या रात्रीपासून चेकपॉइंट कुणी, का आणि कधीपर्यंत घेतला हे वहीत लिहिल्याशिवाय घ्यायचा नाही, तीन दिवसांपुढे ठेवायचा नाही, आणि जागा वीस टक्क्यांखाली गेली की आम्हा दोघांच्या मोबाइलवर संदेश यायला हवा, असे ठरले.

डेस्कटॉपचे काम आम्ही त्यानंतर हाती घेतले. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार होता आणि बावीस संगणक विंडोज 11 साठी अपात्र ठरत होते. प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतंत्र विंडोज डेस्कटॉप द्यावा, असा प्रस्ताव एका पुरवठादाराने दिला होता. दिसायला तो आकर्षक होता, परंतु सर्व्हरवरचा विंडोज डेस्कटॉप दुरून वापरायला वेगळा हक्क विकत घ्यावा लागतो आणि बावीस स्वतंत्र मशीन अद्ययावत ठेवण्याचे काम आहे तसेच राहते. टॅली, भांडार आणि पत्रव्यवहार यांपलीकडे ज्यांचे काम नाही, त्यांना एकाच सर्व्हरवरचे सत्र (एकाच विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे लॉगिन) पुरते, असे माझे मत झाले आणि आम्ही विंडोज सर्व्हरमधल्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा मार्ग धरला. जुने संगणक केवळ पडदा आणि कीबोर्ड म्हणून राहिले. आरेखन विभागाच्या सहा जणांना आम्ही यात ओढले नाही, कारण कॅडला स्वतःचे ग्राफिक्स कार्ड लागते. सत्रांचे परवाने लगेच घेतले. ते न घेताही सर्व्हर 120 दिवस चालतो आणि नंतर जोडणी नाकारू लागतो.

पहिल्या सोमवारी डिस्पॅचमधून निरोप आला, "सर, एका चलानाले पाच मिनिटं लागून राह्यले, बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत." जाऊन पाहिले तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे शीर्ष एकेका ओळीवरून चार-चार वेळा सावकाश फिरत होते. रिमोट सत्रात स्थानिक प्रिंटर आपोआप जोडला जातो, पण तो ईझी प्रिंट नावाच्या सामायिक ड्रायव्हरमधून, आणि त्यामुळे प्रत्येक अक्षर चित्र म्हणून छापले जात होते. लेझर प्रिंटरवर हे जाणवत नाही. कार्बनच्या चार प्रतींवर जाणवते. धोरण बदलून ईझी प्रिंटला मागे सारले, सर्व्हरवर त्या प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर बसवला आणि चलान पूर्वीसारखे काही सेकंदांत निघू लागले. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे उलटे निघाले: ते सर्व्हरला जोडले तर सत्रात दिसतच नाही, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकाला जोडले आणि ड्रायव्हर दोन्हीकडे असला तरच दिसते. अर्धा दिवस मी ते चुकीच्या टोकाला शोधत होतो. सीताबर्डीहून येणारी जोडणी व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी मार्गानेच, येते. रिमोट डेस्कटॉपचे 3389 हे पोर्ट (जोडणीचे दार) इंटरनेटवर उघडे ठेवायचे नाही, यावर मी कुणाचीही गैरसोय ऐकून घेतली नाही.

नागपुरात हे सगळे चालवायचे म्हणजे मे महिन्याचा विचार वेगळा करावा लागतो. 2024 च्या मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास होता आणि एका दुपारी वीज गेली. यूपीएसवर सर्व्हर चालू राहिले, एसी बंद पडला, आणि वीज परत आल्यावरही तो आपोआप सुरू झाला नाही, कारण त्याला ती सोयच नव्हती. अर्ध्या तासात खोली 41 अंशांवर गेली. शेजारच्या हॉलमधला माणूस आपुलकीने कूलरचे तोंड खोलीकडे वळवत होता. त्याला थांबवावे लागले, कारण ती दमट हवा सर्व्हरला उष्णतेइतकीच वाईट. आता एसी वीज आल्यावर स्वतः सुरू होणारे आहेत, ते दोन आहेत आणि आळीपाळीने चालतात. वीज दहा मिनिटे आली नाही तर आधी रिमोट सत्रांचा सर्व्हर, मग टॅली आणि डेटाबेस, आणि शेवटी डोमेन कंट्रोलर बंद होतो. सुरू होताना क्रम उलटा. दोन्ही होस्टवर एकेक डोमेन कंट्रोलर आहे, तरीही होस्टच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बंद पाकिटात साहेबांच्या कपाटात ठेवला आहे, कारण दोन्ही एकदम बंद असतील तर डोमेनचे खाते ओळखणारे कुणीच नसते.

दर पाच मिनिटांनी जाणारी प्रतिकृती म्हणजे बॅकअप, असा साहेबांचा समज होता आणि तो दूर करायला मला दोन बैठका लागल्या. एखाद्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर तेही पाच मिनिटांत पलीकडे पोहोचेल, हे सांगितल्यावर ते पटले. रात्रीचा बॅकअप आता वेगळ्या यंत्रावर जातो आणि आठवड्याची एक प्रत केबल काढलेल्या डिस्कवर कपाटात राहते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक मशीन बॅकअपमधून उभी करून बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या स्विचवर चालवतो, आणि ती बरोबर आहे की नाही हे मी ठरवत नाही. टॅलीची असेल तर काकू येऊन शेवटचे व्हाउचर स्वतः पाहतात आणि वहीत सही करतात. मागच्या वेळी उत्पादन विभागाची मशीन उभी करायला एक तास पन्नास मिनिटे लागली. तीही वेळ वहीत आहे.

त्याच वहीत प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसमोर तिच्या मालकाचा विभाग लिहिला आहे. नवी मशीन दहा मिनिटांत तयार होते, त्यामुळे 'जरा तपासून पाहू' म्हणून केलेल्याही राहून जातात. सध्या अकरा मशीन आहेत आणि दोहोंसमोरचा रकाना रिकामा आहे. त्या दोन्ही मी बंद करून ठेवल्या आहेत. दोन महिन्यांत कुणी विचारले नाही, तर त्यांच्या डिस्कची एक प्रत कपाटात ठेवून त्या काढून टाकणार आहे.