आतड्याचा अडथळा आणि टेबलापर्यंत पोहोचण्याआधीचे तास

आतड्याच्या अडथळ्याचे ऑपरेशन संपवून मी थिएटरबाहेर येतो, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना "ऑपरेशन व्यवस्थित झाले आहे" असे सांगतो. सार्वजनिक रुग्णालयात बरीच वर्षे हेच काम केल्यावर माझा या वाक्यावर पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही, कारण रुग्ण वाचणार की नाही याचा मोठा भाग पोटावर छेद घेण्याआधीच ठरून गेलेला असतो.

लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून दिवसाला सुमारे ७ ते ८ लिटर द्रव आतड्यात उतरतो आणि निरोगी माणसात त्यातला बहुतेक पुन्हा शोषला जातो. वाट बंद झाली की तो आतड्यात साचतो किंवा उलटीवाटे बाहेर पडतो. दोन दिवस घरी काढून आलेल्या रुग्णाचे डोळे खोल गेलेले असतात, जीभ कोरडी पडलेली असते आणि लघवी जवळजवळ थांबलेली असते. अशा अवस्थेत घाईने भूल दिली तर रक्तदाब टेबलावरच कोसळतो. म्हणून आधी सलाइन, नाकातून जठरात जाणारी नळी म्हणजे रायल्स ट्यूब, लघवीची नळी आणि त्यानंतरच थिएटर. १९३० च्या दशकात अमेरिकेतील शल्यचिकित्सक ओवेन वँगनस्टीन यांनी नाकातील नळीने पोटातील द्रव व हवा शोषून घेण्याची पद्धत रूढ केली आणि या आजाराचे मृत्यू कमी होण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो. वॉर्डात सर्वांत दुर्लक्षित राहणारी वस्तूही तीच: पिशवी भरलेली असते, नळी तुंबलेली असते आणि केसपेपरवर मात्र "रायल्स ट्यूब चालू" असे लिहिलेले असते.

सगळेच अडथळे लगेच कापायचे नसतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आत तयार झालेल्या चिकटपट्ट्यांमुळे आतडे अडले असेल आणि त्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल, तर साधारण ७२ तासांपर्यंत शस्त्रक्रियेविना वाट पाहता येते आणि अनेकांचे आतडे आपोआप मोकळे होते. मात्र हे ७२ तास मोजायचे कुठून? रुग्ण आधी दुसरीकडे दोन दिवस सलाइन लावून पडलेला असतो आणि आमच्याकडे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. शिवाय वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. कळा येऊन जाणारे दुखणे सतत ठणकू लागले, नाडी वेगाने चालू लागली, पोट हात लावताच दुखू लागले, तर आतड्याला पीळ पडला असावा किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असावा, असे समजून थांबणे सोडावे लागते. हा बदल ओळखण्यासाठी दर काही तासांनी शक्यतो तोच हात पोटावर पडायला हवा. आमच्याकडे ड्यूटी बदलते, तीन रेसिडेंट तीन वेळा पोट तपासतात आणि प्रत्येकाला ते "सकाळी होते तसेच" वाटते.

एक आजी आठवतात. केसपेपरवर "पोटफुगी, उलट्या" एवढेच लिहिले होते. पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण नव्हता, म्हणजे चिकटपट्ट्यांची शक्यता कमी होती. तरीही कोणी कारण शोधले नव्हते. थोडा वारा सरला म्हणून सगळे निश्चिंत होते. राउंडला मी चादर जांघेच्या खालपर्यंत सरकवली, तेव्हा मांडीच्या वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी घट्ट गाठ हाताला लागली. "आजी, ही गाठ कधीपासून आहे?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खूप दिवस झाले, पण कुणी विचारलंच नाही." ती गाठ म्हणजे हर्निया होता आणि त्याच्या अरुंद वाटेत आतड्याच्या भिंतीचा एकच भाग अडकला होता; अशा वेळी वाट पूर्ण बंद होत नाही आणि सरणारा वारा डॉक्टरांना फसवतो. पोट उघडल्यावर तो भाग काळपट जांभळा दिसला. आम्ही तो गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जाड कापडात, गुंडाळला, भूलतज्ज्ञांनी पूर्ण ऑक्सिजन दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे सगळे गप्प उभे राहिलो. मॉप उघडला तेव्हा रंग परतला नव्हता. तेवढे आतडे कापून टोके जोडली.

त्यानंतरची भीती वेगळी असते. जोड सुटायचा असेल तर तो बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास सुटतो, आणि याच काळात पट्टी गुलाबी पाण्याने भिजली तर पोटाचे टाके आतून उसवल्याची शंका घ्यावी लागते. रुग्ण फार खालावलेला असेल तर जोड न करता आतडे पोटावर काढून पिशवी लावणे अधिक सुरक्षित ठरते. नातेवाइकांना मात्र ते अपयश वाटते.

२०१६ मध्ये ५८ देशांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांचा, पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण विकसित देशांत ४.५ टक्के आणि कमी विकसित देशांत ८.६ टक्के होते. यात अपेंडिक्सच्या साध्या शस्त्रक्रियाही होत्या, त्यामुळे आतडे सडलेल्या रुग्णांना हेच आकडे लावता येत नाहीत. "आमच्याकडे रुग्ण उशिराच येतात" हे आमचे नेहमीचे उत्तर खरेच आहे. परंतु त्याआड आम्ही आमचा स्वतःचा उशीर लपवतो, हेही तितकेच खरे आहे. घरापासून आमच्या दारापर्यंतचा वेळ माझ्या हातात नाही, दारापासून छेदापर्यंतचा आहे. त्यामुळे मी या दोन वेळा रजिस्टरमध्ये स्वतंत्र रकान्यांत लिहू लागलो, आणि घरी सोडलेल्या प्रत्येकाला ३० व्या दिवशी फोन करायला लावतो.

आजींना बाराव्या दिवशी घरी सोडले. ३० व्या दिवशी फोन त्यांच्या सुनेने उचलला. जखमेतून अजून थोडे पाणी येते, पण त्या आपल्या आपण उठून चालतात, असे तिने सांगितले. "जिवंत, जखमेत जंतुसंसर्ग" अशी नोंद करताना माझी नजर त्याच ओळीच्या आधीच्या रकान्यांवर गेली: रुग्णालयात आल्याची वेळ पहाटे ४, जांघ तपासल्याची वेळ सकाळी ११.